आई म्हणते कॅल्शियम पुरे, ते हाडांचं सलाईन नको

"ताई, आई ६९ वर्षांची आहे, इचलकरंजीला एकटीच असते, मी ठाण्यात. श्रावणात मोरीपाशी पाय सटकला, हात टेकायला गेली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात आता बराय. पण हाडाच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजायची तपासणी, करायला लावली त्यात खुब्याचा टी-स्कोअर उणे २.८ आणि मणक्याचा उणे ३.१ आला. ते म्हणतात वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन घ्या. तेवढ्यात मावशीने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की या औषधाने जबडा कुजतो, चालता चालता मांडीचं हाड मोडतं, आणि हे मुळात पाण्याच्या पाइपात क्षार साचू नये म्हणून वापरायचं केमिकल आहे. झालं, आई अडून बसली. कॅल्शियमची गोळी घेते, नाचणीची आंबील पिते, कांडवेलीचं चूर्ण घेते, तेवढं पुरे म्हणते. भाऊ म्हणतो जबरदस्तीने नेऊ. आईला बीपीची गोळी चालू आहे, एक दाढ हलतीये, गुडघे दुखतात. व्हिडिओतलं खरं किती? आणि एकदा सुरू केलं की जन्मभर घ्यावं लागतं का? – मधल्यामध्ये सापडलेली लेक"

अगं लेकी,

आधी एक सांगते, तो व्हिडिओ सगळा खोटा नाहीये. जबड्याचा त्रास होतो हे खरं, मांडीचं हाड मोडतं हे खरं, आणि पाइपचं तर अगदीच खरंय. म्हणून आईंना "असल्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नकोस" असं म्हणून काही उपयोग व्हायचा नाही, कारण त्या उद्या आणखी कोणाला विचारतील आणि तो माणूस म्हणेल हो, असं होतं, आणि मग तुझ्यावरचाच विश्वास जाईल. त्या व्हिडिओत एकच गोष्ट नाहीये, किती जणींना होतं, आणि औषध न घेणाऱ्या बायकांचं काय होतं. आणि हे मोजलेलं आहे, नीट, वर्षानुवर्षं बसून मोजलेलं आहे, आणि औषधाचा फायदा ज्यांनी मोजला त्यांनीच पुढे तोटाही मोजला. म्हणून या पत्राचं उत्तर मी मुख्यतः त्या एका संशोधकाच्या कामावरूनच देणार आहे.

डेनिस ब्लॅक त्यांचं नाव. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असतात. पेशंट तपासणारे डॉक्टर नाहीत, संख्याशास्त्रातले पीएचडी आहेत, हजारो बायकांना दोन गटात कसं वाटायचं, किती वर्षं बघायचं, कोणाचं हाड कधी मोडलं ते कसं नोंदवायचं, हे त्यांचं काम. त्यांचा १९९६ साली आलेला अभ्यास ॲलेंड्रोनेट नावाच्या गोळीचा होता, आईंच्या सलाईनच्याच कुटुंबातली ही गोळी. ज्यांचा मणका आधीच चेपलेला अशा २०२७ बायका घेतल्या, निम्म्यांना गोळी दिली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. तीन वर्षांत औषध नसलेल्या गटात १०० पैकी १५ जणींचा मणका नव्याने चेपला, औषधवाल्या गटात ८ जणींचा. खुब्याची फ्रॅक्चर्स निम्म्यावर आली. त्याआधी हाडाची घनता वाढवणारी औषधं होती, पण घनता वाढली म्हणजे हाड मोडायचं कमी झालं असं नसतं. फ्लोराइड देऊन बघितलं होतं तेव्हा घनता छान वाढली आणि मणक्याची फ्रॅक्चर्स काही कमी झाली नाहीत, उलट बाकीची हाडं जास्त मोडली. त्यामुळे स्कॅनवरच्या आकड्यावर न थांबता खरोखर किती हाडं मोडली ते मोजणं ही फार मोठी गोष्ट होती, आणि मला ती आजही तितकीच मोठी वाटते.

आता तुझ्या आईंना जे सांगितलंय ते सलाईन. त्याचा मोठा अभ्यास २००७ मध्ये आला, त्याचं नाव होरायझन, आणि त्यातही पहिलं नाव ब्लॅक यांचंच. जवळजवळ ७७०० बायका, वय ६५ ते ८९, खुब्याचा स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली (हाड ठिसूळ झालं म्हणायची ही रेघ, आकडा जितका खाली तितकं हाड कमजोर), नाहीतर उणे १.५ च्या खाली आणि मणका आधीच चेपलेला. म्हणजे आई तंतोतंत त्यातल्याच. निम्म्या बायकांना वर्षातून एकदा १५ मिनिटांचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन, असं तीनदा. उरलेल्या निम्म्यांना साधं सलाईन.

आणि इथे नीट लक्ष दे, कारण आईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. त्या साध्या सलाईनवाल्या बायकांना काहीच दिलं नव्हतं असं नाहीये. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दोन्ही गटातल्या सगळ्या बायकांना रोज मिळत होतं, कॅल्शियम १००० ते १५०० मिलिग्रॅम. म्हणजे आई आत्ता जे करतायत ना, कॅल्शियम घेते आणि तेवढं पुरे, तेच हजारो बायकांनी तीन वर्षं केलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलं, आणि त्यांचं काय झालं ते लिहून ठेवलंय. १०० पैकी जवळजवळ ११ जणींचा मणका चेपला. सलाईन घेणाऱ्यांमध्ये १०० पैकी तीनच्या जरा वर. खुबा मोडला तो नुसत्या कॅल्शियमवर हजारात २५ जणींचा, सलाईनवर हजारात १४ जणींचा. हे आकडे कागदावर लिहून आईंसमोर ठेव. "कॅल्शियम पुरे" हा विचार चुकीचा आहे असं त्यांना म्हणायची गरजच नाही, तो करून बघितलेला आहे आणि त्याचा निकाल हा असा आहे.

कॅल्शियम का पुरत नाही ते पण सांगते, नाहीतर आईंना वाटेल मी नाचणीच्या विरोधात आहे. आपलं हाड काही एकदा बनून तसंच राहत नाही. शरीरात काही पेशी जुनं हाड खणून काढत असतात आणि काही पेशी तिथे नवीन भरत असतात, रस्त्याचं काम चालतं तसं, एक टोळी खोदणारी आणि मागून एक बुजवणारी. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन खोदणाऱ्यांना आवरून धरतं. पाळी गेली की ते सुटतात, आणि बुजवणाऱ्यांचा वेग काही तेवढा वाढत नाही. आता अशा वेळी तुम्ही नुसता माल आणून टाकला, म्हणजे कॅल्शियम, तर माल लागतोच, मालाशिवाय बुजवणार कशाने, पण खोदकाम काही त्याने थांबत नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड जाऊन हाडातल्या खनिजाला चिकटतं, आणि खोदणारी पेशी तिथे खणायला आली की ते तिच्या पोटात जातं आणि ती थंडावते. हाडात ते खूप काळ टिकून राहतं, म्हणूनच वर्षातून एकदा दिलं तरी चालतं.

त्यामुळे नाचणी चालू ठेवा, जरूर ठेवा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दूध, ताक, दही, तीळ हे सगळं धरून पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं असं आपल्या आयसीएमआरचं २०२० चं सांगणं आहे. आंबिलीच्या एका वाटीत पीठ दोन चमचेच असतं हे मात्र लक्षात घ्या, तेवढ्याने हिशोब पुरा होत नाही. कांडवेलीवर मात्र असा कुठलाही मोठा अभ्यास झालेला नाही की ज्यात खुब्याची फ्रॅक्चर्स कमी झाली असं दिसलंय. आपल्याकडे पूर्वापार देतात, आईंच्या आईने पण दिली असेल, तो मान मी ठेवते, पण उणे ३.१ च्या मणक्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. आणि घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आता व्हिडिओकडे येते.

पाइपची गोष्ट. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये दावोसला हर्बर्ट फ्लाइश नावाचे संशोधक एका साध्या प्रश्नामागे होते, की आपल्या रक्तात आणि लघवीत एवढं कॅल्शियम असतं तर ते हाडाशिवाय इतर ठिकाणी का नाही साचत. त्यांना सापडलं की लघवीत पायरोफॉस्फेट नावाचं एक द्रव्य असतं, ते क्षार जमू देत नाही. म्हणजे हे आपल्याच शरीरात असतं. पण ते औषध म्हणून तोंडाने दिलं तर पोटात फुटून जायचं, म्हणून त्यासारखं पण न फुटणारं काहीतरी पाहिजे होतं, आणि तसं एक कुटुंब उद्योगात आधीपासून वापरात होतं, पाण्यात क्षार धरू नये म्हणून. त्या कुटुंबाचं नाव बिस्फॉस्फोनेट. १९६९ मध्ये त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पेपर आले की ही द्रव्यं हाडाचं खणणं पण थांबवतात. झोलेड्रॉनिक ॲसिड हे त्याच कुटुंबातलं, पण खूप नंतर बनवलेलं वेगळं रसायन आहे, आईंच्या शिरेत कोणी पाइप धुवायचं पाणी सोडत नाहीये. मला तर ही गोष्ट ऐकून औषधाबद्दल भीतीपेक्षा आदरच वाटतो, की एका माणसाने लघवीतल्या एका द्रव्याचा पिच्छा पुरवला आणि त्यातून हे हाती लागलं. मावशींना पण सांग ही गोष्ट.

जबडा. ही भीती मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटकडून आलेली आहे. ज्यांचा कॅन्सर हाडात पसरलाय त्यांना हेच औषध महिन्याला-महिन्याला देतात, त्यांच्यात जबड्याचा त्रास बऱ्यापैकी दिसतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा घेणाऱ्यांचं प्रमाण फारच वेगळं आहे, दहा हजार ते एक लाख जणींनी वर्षभर औषध घेतलं तर त्यात एक, असा अंदाज आहे. होरायझनमध्ये जबड्याच्या दोन केसेस पुढे आल्या, एक औषधवाल्या गटात आणि एक साध्या सलाईनवाल्या गटात! पण आईंची दाढ हलतीये हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण हा त्रास बहुतेक वेळा दात काढल्यावर होतो. मग क्रम असा ठेवा की आधी डेंटिस्ट, दाढ काढायची असेल तर काढून घ्या, हिरडी पूर्ण भरू द्या, आणि मग सलाईन. पुढेही दाताचं काही काम निघालं तर डेंटिस्टला आठवणीने सांगायचं की हे औषध झालंय. दोन-तीन महिने उशीर झाला तर काही बिघडत नाही, पण "दाताचं बघू" म्हणून वर्ष काढू नका.

मांडीचं हाड. हे सगळ्यात नाजूक आहे आणि इथे मला तुला काही गुळमुळीत सांगायचं नाहीये. बरीच वर्षं हे औषध घेतलेल्या काही बायकांचं मांडीचं हाड मधोमध, न पडता, आडवं मोडतं. त्याची मोजणी २०२० मध्ये आली, आणि त्यातही पहिलं नाव परत डेनिस ब्लॅक. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्य संस्थेच्या नोंदी घेतल्या, ५० च्या पुढच्या १,९६,१२९ बायका, दहा वर्षांचा काळ, नोंदीतले एक्स-रे परत तपासले. अशी फ्रॅक्चर्स निघाली २७७. मग त्यांनी हिशोब मांडला की दहा हजार बायकांनी तीन वर्षं औषध घेतलं तर काय वाचतं आणि काय जातं. गोऱ्या बायकांमध्ये खुब्याची १४९ फ्रॅक्चर्स वाचतात आणि मांडीची अशी २ होतात. आशियाई बायकांमध्ये खुब्याची ९१ वाचतात आणि मांडीची ८ होतात.

हो, आशियाई बायकांमध्ये धोका जास्त आहे, आणि तो बराच जास्त आहे. हे तुझ्या डॉक्टरांना माहीत असेल, पण तुलाही माहीत असावं. त्या नोंदीत सगळ्या आशियाई एकत्रच आहेत, भारतीय वेगळ्या काढलेल्या नाहीत, आणि बहुतेक जणी गोळ्या घेणाऱ्या होत्या. तरी मी हाच आकडा आईंसाठी धरेन, कारण धरायचाच तर आपल्या बाजूने कठीण असलेला धरावा. ९१ विरुद्ध ८. आणि यात फक्त खुबा मोजलाय, मणक्याची वाचलेली फ्रॅक्चर्स वेगळी.

दुसरं, हा धोका वर्षांबरोबर वाढत जातो. आठ वर्षं आणि त्यापुढे घेणाऱ्यांमध्ये तो खूपच वर जातो, पहिल्या दोन-तीन वर्षांत फार कमी असतो. आणि औषध थांबवलं की लवकर खाली येतो. म्हणून तुझा तो जन्मभराचा प्रश्न इथे येऊन मिळतो.

नाही, जन्मभर नाही. हा प्रश्न पण ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला होता, २००६ मध्ये. पाच वर्षं गोळी घेतलेल्या १०९९ बायकांपैकी काहींची गोळी थांबवली आणि बाकीच्यांची चालू ठेवली, आणखी पाच वर्षं बघितलं. मणका सोडून बाकीची फ्रॅक्चर्स दोन्हीकडे सारखीच, १०० मध्ये १९. कारण औषध हाडात शिल्लक असतं, ते काम करत राहतं. दुखणं घेऊन येणारं मणक्याचं फ्रॅक्चर मात्र थांबवलेल्यांमध्ये १०० पैकी ५ जणींना झालं आणि चालू ठेवलेल्यांमध्ये दोघी-तिघींना. म्हणजे ज्यांचा मणका फारच कमजोर त्यांना पुढे चालू ठेवायला लागू शकतं, बाकीच्यांना सुट्टी घेता येते. सलाईनचा पण असाच पुढचा अभ्यास झाला, त्यातून साधारण पद्धत अशी पडलीये की तीन वर्षं, तीन सलाईनं, आणि मग परत डेक्सा करून ठरवायचं. आईंना सांगताना "हे आयुष्यभराचं आहे" असं अजिबात वाटू देऊ नकोस, "तीनदा, आणि मग थांबून बघू" असं सांग. खरंच तसंच आहे ते.

मांडीबद्दल एक गोष्ट पाठ करून ठेवा. हे हाड मोडायच्या आधी खूपदा सांगतं. मांडीत किंवा जांघेत आतून ठणका, काही आठवडे, कधी महिने. आईंचे गुडघे आधीच दुखतात, त्यामुळे "वयाचं दुखणं" म्हणून हे दुर्लक्षिलं जायचा धोका जास्त आहे. औषध चालू असताना मांडीचं नवं दुखणं आलं तर मलम चोळत बसायचं नाही, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायचा, दोन्ही, एकीचाच नाही. आणि गुडघ्याचं दुखणं हे सांध्याचं आहे, या सलाईनने ते कमी होणार नाही, हे आईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर महिन्याने म्हणतील एवढं सलाईन घेतलं आणि गुडघा आहे तसाच.

तुझा भाऊ विचारेल, हे सगळे अभ्यास औषध कंपन्यांच्याच पैशावर ना? गोळीचा आणि सलाईनचा मोठा अभ्यास कंपन्यांच्या पैशावर झाला, हो. २०२० ची मोजणी नाही, आणि न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला इयन रीड यांनी हेच सलाईन दर दीड वर्षाने देऊन सहा वर्षं अभ्यास केला, तो मुख्यतः तिथल्या सरकारी संशोधन मंडळाच्या पैशावर. त्या २००० बायकांची हाडं तर आईंपेक्षा बरी होती, नुसती जरा पातळ झालेली. त्यांच्यात फ्रॅक्चर झालेल्या बायका साध्या सलाईनवर १९० आणि औषधावर १२२. रीड हे तेच गृहस्थ ज्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या उगाच जास्त घेण्यावर शंका उपस्थित केली होती, म्हणजे कुठल्याही गोळीचं कौतुक करत सुटणारा माणूस नाही. जेवणातून जमेल तेवढं कॅल्शियम घ्यायचं आणि कमी पडेल तेवढंच गोळीने भरायचं, हे मी पण तिथूनच घेतलंय.

आता सलाईनच्या आधी काय काय बघायचं ते. किडनी, म्हणजे क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते तो आकडा), तो ३५ च्या खाली असेल तर हे सलाईन द्यायचंच नाही. बीपीच्या पेशंटची किडनी बघणं जास्तच महत्त्वाचं. मग रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. आपल्याकडे एवढं ऊन असून डी कमी असतंच असतं, साडी, घरातलं काम, दुपारी दार लावून बसणं, आणि ते कमी असताना सलाईन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं, हातपायाला मुंग्या, पेटके. आधी डी भरून घ्यायचं. ती ६०,००० युनिटची पुडी असते ना आठवड्याला एक, ती डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. मी बघते, एकदा लिहून दिलेली पुडी बायका वर्षभर मेडिकलमधून आणत राहतात, आणि चांगलंच आहे ना म्हणतात. नाहीये चांगलं. ऑस्ट्रेलियात ७० च्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदाच डीचा पाच लाख युनिटचा डोस देऊन बघितला, २०१० मध्ये निकाल आला, त्या बायका कमी पडायच्या ऐवजी जास्त पडल्या आणि हाडं पण जास्त मोडली.

आणखी एक तपासणी मागून घे, पाठीच्या मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे. मणके बहुतेक वेळा गुपचूप चेपतात, बाईला कळत पण नाही, पाठ जरा भरून येते एवढंच. आईंना भिंतीला टाच लावून उभं कर आणि उंची मोज, जुन्या कुठल्या कागदावर उंची असेल तर ताडून बघ. दीड इंचाच्या वर कमी झाली असेल तर संशय घ्यायचा. वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबा आता हाताला येत नाही, परकर लांब व्हायला लागला, असं काही त्या सहज बोलून गेल्यात का आठव. मणका आधीच चेपलेला निघाला तर कुठलं औषध आधी द्यायचं हा विचार पण बदलू शकतो, हाड नवीन बांधणारी रोजची इंजेक्शनं असतात तेरिपॅराटाइडची, ती आधी आणि सलाईन नंतर, असं डॉक्टर म्हणू शकतात.

सलाईनच्या दिवशी आईंनी भरपूर पाणी प्यायचं. आणि हे आधीच सांगून ठेव की पहिल्या सलाईननंतर ताप, अंगदुखी, थंडी वाजल्यासारखं होऊ शकतं, होरायझनमध्ये तीनपैकी जवळजवळ एकीला झालं होतं. दोन-तीन दिवसांत जातं, पॅरासिटामॉल पुरते. दुसऱ्या वर्षी ते १०० पैकी सहा-सात जणींनाच झालं आणि तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. हे आधी सांगितलं नाही तर त्या रात्री ताप चढला की आईंना व्हिडिओच आठवणार आणि दुसरं सलाईन कधीच होणार नाही. तू त्या दोन दिवसांत इचलकरंजीला असशील असं बघ. छातीत धडधड होण्याचा त्रास पूर्वी असेल तर तो पण डॉक्टरांच्या कानावर घाल, त्या अभ्यासात हृदयाचे ठोके अनियमित होण्याची गंभीर तक्रार औषधवाल्यांमध्ये जरा जास्त दिसली होती, १०० मध्ये एकीच्या आसपास.

आणि मोरी! एवढ्या औषधाच्या बोलण्यात ती राहून जायला नको. हाड ठिसूळ असतं पण मनगट मोडलं ते पडल्यामुळे. मोरीच्या तोंडाशी ते पायपुसणं असतं ना, खाली रबर नसलेलं, ते आजच काढून टाक. भिंतीत हाताला धरायला स्टीलचा दांडा ठोकून घ्या, टॉवेल अडकवायचा दांडा त्यासाठी चालत नाही, तो वजनाने निघून येतो. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटा दिवा. मोतीबिंदू तपासलाय का? बीपीच्या गोळीने उठल्या उठल्या गरगरतं का? झोपेची गोळी कोणी दिलीये का? आणि रोज थोडं चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव, एका पायावर ओट्याला धरून उभं राहणं, सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मणका चेपलेला निघाला तर पुढे वाकायचे व्यायाम आणि जड बादली उचलणं बंद, योगाच्या क्लासमधलं ते वाकून पायाचे अंगठे धरणं पण बंद.

भावाला सांग, जबरदस्ती नको. शीर आईंची आहे, सलाईन त्यांना घ्यायचंय, आणि ओढून नेलेली बाई दुसऱ्या वर्षी येत नाही. त्यांना हाडाच्या डॉक्टरांसमोर बसवा आणि त्यांच्या तोंडून त्यांचे प्रश्न विचारू द्या, जबड्याचं काय, मांडीचं काय, थांबवायचं कधी. डॉक्टरांना पण आधी फोन करून सांग की आई घाबरल्यात, दहा मिनिटं जास्त द्या. मला वाटतं त्यांनी हे सलाईन घ्यावं. मनगट मोडून झालंय, दोन्ही स्कोअर खाली आहेत, वय अजून सत्तरीही नाही, खुबा मोडून अंथरुणाला खिळण्यापासून वाचवायला हीच वेळ आहे. पण सगळं ऐकून, समजून त्या नाही म्हणाल्या तर भांडू नका, पायपुसणं, दांडा, डी, व्यायाम हे चालू करा आणि सहा महिन्यांनी परत विचारा.

एक शेवटचं, कोणी सुचवलं की हे सलाईन नको तर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीत द्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन घ्या, तर तेही चांगलं औषध आहे, किडनी कमजोर असेल तर बहुतेक तेच सुचवतील, फक्त त्याची सलाईनसारखी सुट्टी घेता येत नाही. ते हाडात साठून राहत नाही, तारीख चुकली की काही महिन्यांत खणणाऱ्या पेशी दुप्पट जोराने उठतात आणि एकदम दोन-तीन मणके चेपल्याच्या केसेस झालेल्या आहेत. एकट्या राहणाऱ्या आईसाठी हे घ्यायचं ठरलं तर पुढची तारीख तुझ्या फोनमध्ये पण टाक, भावाच्या पण, आणि बंद करायचं असेल तर मागून दुसरं औषध काय द्यायचं ते पहिल्या इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घे.

– ताई